एक जास्त

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारच्या जेवणाआधी अकरा माणसं मेली. घुमटाला तडा गेला—हवा बाहेर, पाठोपाठ माणसंही बाहेर. लाल मातीत उताणी पडली. डोळ्यांतून रक्त आलं आणि गालावरच गोठलं. भाचीच्या कंपनीतल्या चित्रकारांना दुसरं काही सुचत नाही काय!

मनगटाचं प्लास्टर शनिवारी निघालं. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, रबरी चेंडू दाबत जा. एकाहत्तराव्या वर्षी चेंडू दाबत बसू? दोन दिवसांत तो खिडकीबाहेर गेला असता. त्यावर भाचीने हे काढलं. ती घरूनच काम करते—कंपनीचे खेळ बाजारात जाण्याआधी खेळायचे आणि त्यांतल्या चुका शोधायच्या. बत्तीस वर्षांची घोडी दिवसभर खेळते आणि त्याला नोकरी म्हणते.

"मावशी, परग्रहावर वसाहत वसवायची. बाहेरून काही न मागवता शंभर दिवस टिकवायची. तुझ्याइतकं कडक आमच्याकडे कुणी खेळत नाही. बघू या, मोडतंय कुठे ते."

"मी की खेळ?"

"तेच तर बघायचंय."

४ फेब्रुवारी, बुधवार

आज सातच मेली. प्रगती आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

गेले तीन दिवस कुणी मेलं नाही. आता अंदाज आला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन घुमट, प्रत्येकात चाळीस माणसं. घुमटांच्या मध्ये जाड काचेची दारं. काही म्हणजे काही वाया जात नाही—घाम, लघवी, भाजीची देठं, सगळं गाळून, कुजवून परत वापरात. मेलेला माणूससुद्धा खतात जातो, त्यावर बटाटे येतात. मला हे पटतं. भाचीला किळस येते.

एक सोय फार आवडली. दारांना नियम लावता येतात. घुमट तीनच्या दाराला मी लावला: आत गडबड झाली तर आधी माणसं मोजायची, जिवंत-मेलेली सगळी धरून. चाळीस भरली तरच दार उघडायचं.

भाची मागे उभी राहून वाचत होती. "असला नियम कोण लावतं गं?"

"जिने चौतीस वर्षं बायकांच्या तुरुंगात नोकरी केली, ती लावते."

तुरुंगात याला गिनती म्हणतात. कमी भरली तर कुणीतरी लपलंय. जास्त भरली तर दुसरीकडचं कुणीतरी मिसळलंय. दोन्ही वेळा दार बंद असलेलं बरं. ते उघडायचा हुकूम फक्त अधीक्षक देऊ शकते, आणि शेवटची चौदा वर्षं अधीक्षक मी होते. बायका पाठीमागे मला कुलूपबाई म्हणायच्या. तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टपालाने जाड लिफाफा. शिट्टीचं प्रकरण पुन्हा उघडलंय. एकोणीस वर्षांनी! १२ मार्चला समितीपुढे माझी साक्ष.

शिट्टी म्हणजे तिसऱ्या बराकीच्या दारावरची पहारेकरीण. तेव्हा पंचविशीची, काडीसारखी, गळ्यात सदा शिट्टी, म्हणून हे नाव. त्या संध्याकाळी बराकीत बायका एकमेकींवर तुटून पडल्या. केस धरून फरफटवणं, चावे, लाथा. कुणीतरी गाद्या पेटवल्या. बावन्न बायका दाराच्या गजांना लोंबकळून किंचाळत होत्या. किल्ली शिट्टीच्या हातात. आणि ही बया मोजत बसली! नऊ मिनिटं! पाच-पाचच्या रांगा लावून बसा म्हणाली, आणि त्या बसल्या. धुरात बसल्या. जन्मभराची सवय.

दार उघडलं तेव्हा तीन मेल्या होत्या. दोघी धुराने. तिसरीचं डोकं बाकीच्यांनी गजांवर आपटून आपटून फोडलं होतं. केस गजांना चिकटले होते, ते मी स्वतः पाहिले.

मी माझ्या खोलीत होते, आतल्या फोनवर. फोनमध्ये नुसती खरखर. ती काय सांगत होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी "उघड, उघड" म्हणून ओरडत होते. चौकशीत हेच सांगितलं. तिचं म्हणणं, एक जास्त भरत होती. रजिस्टरात बावन्न, दारात बावन्न—मग जास्तीची कुठून आली? भांबावली, दुसरं काय. तिला काढून टाकलं.

तेव्हा जे सांगितलं तेच पुन्हा सांगायचं. दहा मिनिटांचं काम.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घुमट दोनमध्ये दंगा. दिवस एक्केचाळिसावा. कारण काय, तर मी पाणी अर्धं केलं. गळती सापडेपर्यंत करावंच लागतं! पण खाणवाले ऐकतायत होय. ड्रिल घेऊन त्यांनी पाणीवाल्याला भिंतीशी गाठलं आणि पोट फाडलं. आतडी जमिनीवर. एक पोरगी मध्ये पडली तर तिचा हात खांद्यापासून गेला. पुढे होता एक वेल्डर, धिप्पाड, तो ओरडून ओरडून बाकीच्यांना चेतवत होता.

मी हवा बंद केली. दोन मिनिटं. सगळे गुडघ्यांवर आले, मग पोटावर. मग हवा सोडली. नऊ मेले, बाकीचे निमूट कामाला लागले. वेल्डरला उचलून घुमट तीनमध्ये टाकला—तिथे पाणीवाल्याचा भाऊ आहे, तो बघून घेईल त्याच्याकडे. नुसतं बोटाने ओढायचं, झालं. मनगट जरासुद्धा दुखलं नाही.

भाची बघत होती. "मावशी, ऑफिसात साठ जणांनी हा खेळ खेळलाय. हवा कुणीच बंद केली नाही."

"म्हणून त्यांच्या वसाहती बुडाल्या असतील."

"बुडाल्या खऱ्या," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

एक वैताग आहे. मधूनच पडद्यावर चौकटी उघडतात—हे झालं, ते झालं, असं करू का, तसं करू का. वाचत बसलं तर खेळायचं कधी? आली की बंद करते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिट्टी आली होती. घरी!

सकाळी अकराला बेल वाजली. दारात एक जाडसर बाई, केस पिकलेले, निळा गणवेश. कुठल्याशा इमारतीच्या फाटकावर उभी असते म्हणे आता. ओळखलंच नाही. मग तिने टाचा जुळवल्या आणि ताठ उभी राहिली. तेव्हा ओळखलं.

"आत नाही येत, बाई. एकच विचारायचंय."

"जे काय ते समितीपुढे."

"तिथे वकील असतील. इथे तुम्ही आणि मीच. शेवटच्या वेळेला मी फोनवर बोलले, ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"खरखर होती. हजारदा सांगितलंय."

"हो. सांगितलंत." तिने हात चौकटीवर ठेवला. "मलाही कधी कधी वाटतं, मीच नीट बोलले नसेन. पुरेशी ओरडले नसेन. माझी आई जाईपर्यंत विचारत होती, 'किल्ली का नाही फिरवलीस गं? एवढुशी तर गोष्ट!' काय सांगणार तिला? हुकूम नव्हता म्हणून? गल्लीतली पोरं मला तिघींना मारणारी म्हणतात, बाई. जी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, ती पोरं."

"निघ आता."

"एकदाच सांगा. ऐकू आलं नव्हतं, असं माझ्याकडे बघून सांगा. मी जाते—"

मी दार लावलं. खांदा लावून, सगळ्या अंगाच्या जोराने. तिचा हात चौकटीवर होता.

आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. ती ओरडली नाही. दार पुन्हा उघडायला मला वेळ लागला. किती ते सांगता येत नाही.

दोन बोटं चेंगरलेली. एकाचं नख मुळापासून उलटलेलं, आतलं पांढरं हाड दिसत होतं. रक्त उंबऱ्यावरून आत आलं. भाची धावत बाहेर आली—"मावशी! काय केलंस हे!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडायच्या आत शिट्टी म्हणाली, "दारात सापडला. चूक माझीच. हात काढून घ्यायला हवा होता."

उंबरा दोनदा धुतला. फरशीच्या फटीत अजून लाल दिसतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खेळले नाही. भाची कामापुरतं बोलते. मीठ दे. दिवा घालव.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

घुमट तीन गेला! सगळाच्या सगळा! दिवस चौऱ्याण्णव—सहा दिवस उरले होते फक्त!

पाणीवाल्याच्या भावाने डाव साधला. भट्टीजवळ वेल्डरला गाठून पाठीत सळई खुपसली. वेल्डर पडला नाही. सळईसकट वळला आणि भावाला भट्टीत ढकलून दिलं. मग सगळेच एकमेकांवर. कुणीतरी गॅसची नळी तोडली आणि आग लागली. जळत, रांगत माणसं दाराशी आली. दार मोजायला लागलं.

एक्केचाळीस. उघडलं नाही.

पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. आतून काचेवर पंजे आपटत होते. मग मुठी. मग कपाळं. काच लाल झाली. मधल्या मध्ये त्या चौकटी! पडदा अडवून बसतात. मी बंद करत होते आणि ओरडत होते, "चाळीस आहेत! मोजता येत नाही का मेल्या!"

वेल्डरला त्यांनी दाराशीच संपवला. त्याच्या पाठीतली सळई काढून तिनेच. बाकीचे मग एकेक करून खाली बसले.

भाची आली तेव्हा काचेमागे काही हलत नव्हतं.

"तुझ्या खेळाला मोजता येत नाही," मी म्हटलं. "चाळीसच होते आत. यंत्र भांबावलं. लिही तुझ्या त्या चुकांच्या यादीत!"

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

"मावशी, हा खेळ मोजायला चुकत नाही," भाची म्हणाली. "चुकला तर ते शोधायला मी बसलेच आहे. थांब, नोंद काढते."

खेळ स्वतःची नोंद ठेवतो म्हणे. कोण कुठे गेलं, कुणाच्या हुकमाने गेलं, सगळं, वेळेसकट.

"ही नोंद मागाहून बदलता येते?" मी विचारलं.

"छे! मलाही येत नाही. बदलता आली तर उपयोग काय तिचा?"

तिने बोट ठेवून वाचलं. "दिवस एक्केचाळीस. वेल्डर. घुमट दोनमधून घुमट तीनमध्ये. आदेश: खेळाडू." मग माझ्याकडे बघितलं. "हा तूच हलवलास. आणि चाळीस हा आकडा तू हाताने लिहिलेला—तो बदललाच नाहीस. दार बरोबर मोजत होतं."

दार बरोबर मोजत होतं.

जेवले नाही.

२ मार्च, सोमवार

ताडचं लिहिते. या वहीलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या बराकीतली कैदी. सगळ्या बायकांपेक्षा हातभर उंच, म्हणून ताड. त्या दिवशी दुपारी शिवणखात्यात तिने एकीच्या दंडात कात्री खुपसली. आरपार. मी धावत गेले, छडीने तिच्या पोटऱ्या फोडल्या, दंडाला धरून ओढत नेली आणि तिसऱ्या बराकीत ढकलली. स्वतः. शिट्टी तेव्हा जेवायला गेली होती. जखमी बाईची सख्खी बहीण तिसऱ्या बराकीत आहे हे मला माहीत होतं. म्हणूनच तिथे टाकली. म्हटलं, एक रात्र काढू दे तिच्या शेजारी, कात्री कशी लागते ते कळेल.

रजिस्टर माझ्या टेबलावर होतं. संध्याकाळी लिहू म्हटलं.

लिहिलं संध्याकाळी—आग विझल्यावर. हातांना काजळी होती. पानाला लागू नये म्हणून साबणाने दोनदा हात धुतले, नखांत ब्रश फिरवला, मग बसले. वेळ घातली दुपारी दोन दहा. तिसऱ्या बराकीचे एकावन्न होते ते बावन्न केले. शाई तीच, अक्षर तेच, खाली सही. चौकशीत शिट्टी रडून सांगत होती की सकाळी तिने एकावन्न वाचले होते. समितीने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "वाचा," म्हणाले. तिने वाचलं. बावन्न.

डोकं फुटलेली ती तिसरी, ती ताडच.

शिट्टीने बरोबर मोजलं होतं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बरोबर. आणि मी "उघड" म्हणत नव्हते. "पुन्हा मोज" म्हणत होते. एक जास्त म्हटल्यावर कुणीही तेच म्हणेल! आगीच्या गोंधळात ताड डोक्यातच आली नाही माझ्या. त्यात फोनवर ती खरखर.

रजिस्टरचं सांगून टाकावं. तेवढ्याने ती सुटते.

३ मार्च, मंगळवार

सांगायलाच हवं का? एकाहत्तर वय. मनगटाचं कारण सांगून न जाणंही जमेल.

५ मार्च, गुरुवार

भाचीला सांगितलं. रजिस्टरचं, सगळं, ताडसकट. ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली. तीच ताटली.

"आणि त्या बाई दवाखान्यात म्हणाल्या, चूक माझी," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मी येते तुझ्याबरोबर बाराला."

"गरज नाही."

"मावशी, मी विचारत नाहीये. सांगतेय."

माझीच भाची!

८ मार्च, रविवार

भाचीने घुमट तीनचा अहवाल ऑफिसला पाठवला. आधी मला वाचून दाखवला. खेळात दोष नाही, असा शेरा.

"एक बघायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "आग लागल्यावर तुला इशारा आला होता की! चौकट उघडली होती—'जास्तीचा रहिवासी: वेल्डर. दार उघडू का?' तीनदा आली. तिन्ही वेळा तू बंद केलीस. न वाचताच करतेस ना तू?"

"हो," म्हटलं.

"उघड म्हटलं असतंस तर तीस-एक वाचले असते. वेल्डरसुद्धा. वाचत जा गं बाई पुढच्या वेळी."

समोर चहा होता, तो प्यायला नाही. खिडकी उघडली. पुन्हा लावली.

११ मार्च, बुधवार

कपडे इस्त्री करून ठेवले. मनगट बरं आहे. सही येते.

१२ मार्च, गुरुवार

शिट्टी समोर बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. मी रजिस्टरचं सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "झालं?" हो म्हणून उठायचं एवढंच बाकी होतं. मी तिच्याकडे बघितलं, आणि उरलेलंही सांगितलं.

फोनवर खरखर नव्हती. कधीच नव्हती. "बाई, जास्तीची ती ताड आहे, दुसऱ्या बराकीतली. दाराशी आलीय, जिवंत आहे, मारतायत तिला. उघडू का?"—शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला. समोर टेबलावर रजिस्टर उघडं होतं. एकावन्न.

मी म्हटलं, "पुन्हा मोज."